कडेच्या माणसांचं बटण

रस्ता ओलांडायच्या बटणावर पंजा टेकवून, डोळे मिटून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याच घरात मी काही वर्षं भाड्यानं राहिले. मेलबर्नमध्ये सिग्नलच्या खांबांवर गोल बटणं असतात. दाबली की खांबातून टिकटिक ऐकू येते, आणि वर हात ठेवला तर आतून ठोके लागतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे. या माणसाला, म्हणजे आमच्या काकांना, व्यवस्थित दिसत होतं. तरीही क्रेगीबर्न स्टेशनकडे जाताना ते दर वेळी थांबायचे, पंजा टेकवायचे आणि ठोके बदलेपर्यंत पाय उचलायचे नाहीत. एकदा एका वयस्कर ऑसी बाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना फार मायेनं रस्ता पार करून दिला. काका निमूटपणे गेले. पलीकडे पोचल्यावर त्यांनी बाईंचे आभार मानले आणि लांबच्या फलकावर ट्रेनची वेळ वाचून मला ओरडून सांगितलं की पळ, गाडी वेळेवर आहे. त्या बाईंचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

"हे बटण उत्तर देतं," ते म्हणायचे. "आपण दाबलं, त्यानं 'ऐकलं' म्हणून सांगितलं. माणसाला आणखी काय हवं असतं?"

मी त्यांना काका म्हणायचे ते नात्यानं नव्हे, सोयीनं. युनिव्हर्सिटी संपवून मी नुकतीच सॉफ्टवेअर तपासायच्या, म्हणजे टेस्टिंगच्या नोकरीला लागले होते आणि राहायला जागा शोधत होते. काकूंची ओळख निघाली आणि त्यांच्या घरातली मागची खोली मला मिळाली. काका मूळचे पुण्याचे, दिवसा एका विमा कंपनीत प्रोग्रॅमर. खोली दाखवायला आले तेव्हा त्यांनी आधी मला भिंतीवरचे स्विच दाखवले. प्रत्येकाखाली छापील पट्टी होती. 'पंखा.' 'बाहेरचा दिवा.' 'हा दाबू नये, काकू ओरडतात.' आणि शेवटच्याखाली 'कशाचाच नाही.' मी विचारलं, कशाचाच नाही तर काढून का टाकत नाही? ते म्हणाले, तो बिचारा खरं बोलतोय, त्याला कशाला काढायचं?

खोटं बोलणाऱ्या बटणांची मात्र ते गय करत नसत. त्यांच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये दार बंद करायचं एक बटण होतं. ते दाबल्यानं काहीही होत नाही असा काकांना संशय आला आणि त्यांनी बिल्डिंग मॅनेजरचा पिच्छा पुरवला. तो बिचारा आधी 'नो वरीज' म्हणून टाळत राहिला. काका त्याला म्हणाले, तुला नसतील, मला आहेत. शेवटी त्यानं कबूल केलं की त्या बटणाची वायर कुठेच जोडलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्या बटणाखाली इंग्रजीत पट्टी लागली, 'हे बटण केवळ तुमच्या समाधानासाठी आहे.' मॅनेजरला ती इतकी आवडली की त्यानं ती काढलीच नाही.

पण काकांचा जीव होता तो गॅरेजमध्ये. तिथे गवत कापायच्या यंत्राशेजारी एका टेबलावर एक जुना कॉम्प्युटर अष्टौप्रहर चालू असायचा, आणि त्यावर होती आमच्या मराठी मंडळाची फोटो गॅलरी. मंडळ सुरू झालं तेव्हापासूनचे सगळे फोटो. जानेवारीच्या उन्हात घामाघूम होऊन केलेलं हळदीकुंकू, शाळेच्या हॉलमधला गणपती, समुद्रावरच्या सहलीत वाळूत पडलेली भेळ. गॅलरीचं सॉफ्टवेअर फुकट मिळणारं होतं. कुणीही आपल्या सर्व्हरवर, म्हणजे अशा सतत चालू असलेल्या कॉम्प्युटरवर, टाकावं, आणि त्यात एखादी सोय नसेल तर तिचा तुकडा स्वतः लिहून जोडावा. या तुकड्याला प्लगिन म्हणतात. काकांनी असे कितीतरी लिहिले होते. हिवाळ्यात अंगात दोन स्वेटर आणि डोक्यावर माकडटोपी घालून ते तिथे बसायचे, कारण काकूंनी गॅरेजमध्ये हीटर लावायला साफ नकार दिला होता.

त्यांचा एक नियम होता. ज्या फोटोतल्या एकूण एक माणसाचं नाव माहीत नाही, तो फोटो गॅलरीत लागणार नाही. खाली मथळा असायचाच, जुन्या वर्तमानपत्रात असायचा तसा, 'डावीकडून' पासून सुरू होणारा. आणि नुसता मथळा नव्हे, प्रत्येक चेहऱ्याभोवती माऊसनं एक चौकोन आखून ते त्याला नाव जोडून ठेवायचे. एखादा चेहरा अडला की फोन सुरू. कुणाच्या तरी शेजारणीबरोबर एकदाच आलेली, निळ्या साडीतली बाई पर्थला राहायला गेल्याचं कळल्यावर त्यांनी पर्थला फोन लावला होता. एका फोटोत तर 'डावीकडून पाचवे, हॉलची किल्ली घेऊन आलेले ग्रेग' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. लोक हसायचे. मीसुद्धा हसायचे.

चौकोन आखून हात दुखायला लागले तेव्हा त्यांनी चेहरे आपोआप ओळखणारं एक साधन लावून पाहिलं. त्या साधनानं पहिल्याच फोटोत मखरातल्या गणपतीभोवती चौकोन आखला आणि विचारलं, हे कोण? बिनानावाचा चेहरा काकांना चालणार नव्हता. त्यांनी क्षणभर विचार केला आणि टाईप केलं, 'श्री गजानन.' तेव्हापासून प्रत्येक उत्सवाच्या फोटोत गजानन रीतसर माणसांमध्ये मोजले जाऊ लागले.

तर अशा या गॅलरीवर संक्रांत आली ती आमच्या सेक्रेटरीमुळे. मंदार मुळात चांगला मुलगा. नागपूरहून शिकायला आलेला, आता इथलाच झालेला, मंडळाचं काम झपाट्यानं करणारा. त्याचं म्हणणं एवढंच होतं की काकांच्या गॅलरीतून फोटो कुणाला पाठवता येत नाही. खाली शेअरचं बटणच नाही. मग लोक फोनच्या स्क्रीनचा फोटो काढतात आणि तो पाठवतात. त्यापेक्षा सगळे फोटो एखाद्या मोठ्या सोशल साइटवर टाकू, सगळं जग तिथेच आहे.

काकांनी बटण मुद्दामच ठेवलेलं नव्हतं. त्या मोठ्या कंपन्या आपली तयार बटणं फुकट देतात, पण त्या बटणांना डोळे असतात असं ते म्हणायचे. कोण आलं, काय बघितलं, सगळं मालकाला जाऊन सांगतात. शिवाय फोटो बघायला माणसानं घरी आल्यासारखं यावं, बसावं, नावं वाचावीत, अशी त्यांची समजूत. काकू म्हणायच्या, अहो, लोकांना बसायला वेळ कुठाय? ते म्हणायचे, मग उभ्यानं वाचा.

शेवटी कमिटीनं ठरवलं. गणपतीच्या कार्यक्रमापर्यंत गॅलरीत शेअरचं बटण आलं तर ठीक, नाहीतर त्या दिवशी गॅलरी बंद झाल्याचं जाहीर करायचं. मंदारनं हे सांगितल्यावर काका उठले. गॅरेजमध्ये जाऊन खुर्चीत बसले आणि कॉम्प्युटरकडे नुसते बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. तऱ्हेवाईक होते, हट्टी होते, पण त्या गॅलरीत त्यांचं सगळं आयुष्य होतं, आणि ते कुणीतरी बैठकीत बसून एका ठरावात पुसून टाकणार होतं.

दुसऱ्या दिवशी माकडटोपी चढवून ते कामाला लागले. बटण लिहायचं, पण आपलं स्वतःचं, डोळे नसलेलं. मी टेस्टर. शनिवारी सकाळी चहा घेऊन गॅरेजमध्ये जायचं आणि ते जे लिहितील ते मोडून दाखवायचं, हे माझं काम. दाबल्यावर काय होणार हे बटणानं आधी सांगितलं पाहिजे, म्हणून त्यावर नुसता बाण नव्हता. 'हा फोटो नावांसकट पाठवा' असं लिहिलेलं होतं. काही आठवड्यांत बटण चालायला लागलं. आधीच्या वर्षीचा गणपतीचा ग्रुप फोटो त्यांनी कमिटीच्या ग्रुपवर पाठवून पाहिला. लगेच टाळ्यांची चित्रं आली. मंदारनं लिहिलं, 'काका, यू लेजंड.' मला वाटलं, सुटलो.

काकांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग म्हणाले, "मोदकवाल्या कुठे गेल्या?"

इथे आमच्या मंडळाची एक रीत सांगायला हवी. गणपतीच्या दिवशी पाच-सहा बायका सकाळपासून शाळेच्या कँटीनमध्ये उकडीचे मोदक करत असतात. आरती झाली की जेवणाआधी ग्रुप फोटो. कमिटी आधीच मधे उभी असते, मागे प्रायोजकांचा फलक. कुणीतरी आत जाऊन हाक मारतं, आणि या बायका पिठाचे हात मागे लपवत पळत येऊन जागा मिळेल तिथे, म्हणजे दोन्ही कडांना उभ्या राहतात. दर वर्षी. आणि फोनवर लिंक गेली की फोन लांबट फोटोचा फक्त मधला चौकोन दाखवतो. त्या चौकोनात कमिटी होती, फलक होता, गजानन होते. कडा कापल्या गेल्या होत्या. डावीकडून पहिल्या काकूच होत्या.

काकांनी त्याच क्षणी बटण काढून टाकलं.

तासाभरात मंदारचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण त्यांचे हात टाईप करत होते. मंदार वैतागला होता. बटण चालत होतं, सगळ्यांना आवडलं होतं, मग काढलं का? पूर्ण फोटो लिंक उघडल्यावर दिसतोच ना?

"लिंक कोण उघडतं?" काका म्हणाले. "तूच उघडलीस का?"

"काका, प्लीज. कुणाच्या लक्षात पण आलं नाही."

"तेच म्हणतोय मी. तुझी केतकी गळली रे त्यातनं. तुझ्या लक्षात आलं का?"

केतकी म्हणजे मंदारची बायको. आदल्या वर्षी सगळ्यात जास्त मोदक तिनं वळले होते. मंदार एवढंच म्हणाला की मुदत कमिटीनं ठरवलीये, ती त्याला एकट्याला बदलता येणार नाही. काका म्हणाले, बदलू नकोस. पण बटण येईल तर अख्ख्या माणसांना घेऊन येईल.

काकू हे सगळं दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी कशाला एवढं? मला कुणाला दाखवायचंय?" काकूंचे आईवडील सांगलीला होते ते गेले, भावंडं नव्हती. त्यांनी ते सहज म्हटलं होतं. काकांचे हात टाईप करत राहिले.

पुढचे दिवस वाईट गेले. आधी त्यांनी फोटो अख्खा लहान करून चौकोनात बसवला. वरखाली पांढरी पट्टी, मधे माणसं शेवयांसारखी. मग दोन कडा दोन चौकोनांत दाखवून पाहिल्या, तर मधली कमिटी गेली. मी मनात म्हटलं, बरं झालं, पण टेस्टर म्हणून नापास केलं. गणपती जवळ येत होते. ऑफिसातून आले की ते जेवायच्या आधी गॅरेजमध्ये जायचे आणि काकूंनी तिसऱ्यांदा हाक मारल्याशिवाय उठायचे नाहीत. मंदारनं सोशल साइटवर मंडळाचं पान उघडूनही ठेवलं.

मग एका रविवारी सकाळी मी गेले तर काका खुर्चीत मागे रेलून हसत होते. म्हणाले, आपण मूर्ख आहोत, मधे कोण हे आपण का ठरवतोय? ज्याला पाठवायचंय त्याला ठरवू दे. फोटोत हव्या त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. बटणावर नाव येईल, 'केतकीला मधे घेऊन पाठवा'. दाबलं की फोनवर जाणारा चौकोन त्या माणसाभोवती कापला जाईल आणि मथळ्यात त्याचं नाव आधी येईल. फोटो तोच. ज्याचं माणूस, ते त्याच्या फोटोत मधे.

आणि यासाठी जे लागत होतं, म्हणजे प्रत्येक चेहऱ्याचा चौकोन आणि नाव, ते सगळं तयार होतं. ज्याला आम्ही इतकी वर्षं हसत होतो ते सगळं. जगातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीकडे ग्रेग किल्लीवाल्याचं नाव नव्हतं. काकांकडे होतं.

आता हे प्लगिन सगळ्यांना फुकट आहे. मी लग्नानंतर सिडनीला टूनगॅबीत राहायला आले, इथल्या मंडळाच्या गॅलरीतही ते आहे. टास्मानियातल्या कुठल्याशा मासेमारी क्लबानं काकांना ईमेल केली होती की आमचा एक जण उंच असल्यामुळे नेहमी कडेला उभा राहतो, इतकी वर्षं त्याचा फक्त कोपरच लोकांना दिसायचा, थँक्स, मेट. काकांनी ती ईमेल छापून गॅरेजमध्ये लावली आणि खाली विचारलं होतं, त्या माणसाचं नाव काय?

पण मला सांगायचंय ते त्या गणपतीबद्दल. बटण सकाळीच गॅलरीवर चढलं होतं. आरती झाली, मोदकवाल्या पळत आल्या, कडांना उभ्या राहिल्या, काकांनी फोटो काढला. पानं मांडेपर्यंत त्यांनी लॅपटॉपवर चौकोन आखून, नावं घालून फोटो गॅलरीत लावला, आणि ते आत कँटीनमध्ये गेले. बायकांचे हात पुन्हा उकडीत होते. काका एकेकीपुढे तिचाच फोन धरायचे आणि विचारायचे, कुणाला पाठवू? कोपरानं, नाकानं, जमेल तसं त्या सांगायच्या. केतकीचा तिच्या आईला गेला. मग दुसरीचा वाईला, तिसरीचा जळगावला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मी कँटीनच्या दारात उभी होते. बाहेर मंदार माईक हातात घेऊन कार्यक्रमाचा पुढचा भाग सांगत होता, आणि त्यात शेवटी गॅलरीचा विषय होता. नवं बटण कमिटीनं अजून पाहिलेलंच नव्हतं.

पहिला फोन केतकीचा वाजला. तिची आई व्हिडिओवर होती आणि रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "अगं, तू मधे कशी?" एवढंच ती विचारत होती. "दर वेळी मी तुला शोधते, दर वेळी नुसती बाही दिसते." मग दुसरा वाजला, तिसरा वाजला. हॉलमध्ये कुणीतरी आपल्या सासूला बटण शिकवत होतं. एका आजींना नात सांगत होती, "आजी, जस्ट टच युअर फेस," आणि आजींनी आपल्याऐवजी गजाननाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. बटणावर लगेच उमटलं, 'श्री गजाननाला मधे घेऊन पाठवा'. आजींनी हात जोडून मगच ते दाबलं. पाच मिनिटांत अर्ध्या हॉलचे गजानन भारतात पोचले.

मंदार धावत कँटीनच्या दारात आला. चेहरा उतरलेला. "काका, अडकलंय. पान उघडत नाहीये. पडला बहुतेक सर्व्हर."

काकांचा चेहरा असा काही उजळला की तसा मी कधी पाहिला नव्हता. "पडला?" ते म्हणाले. "गर्दीनं?" त्या गॅरेजमधल्या कॉम्प्युटरला आयुष्यात कधी गर्दीनं दम लागला नव्हता. काका कडेच्या स्टुलावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्याला सावकाश पुन्हा उभं केलं. बायका मोदक वळायचं थांबवून बघत होत्या. पान उघडलं तेव्हा कँटीनमध्ये टाळ्या झाल्या, आणि त्या ऐकून हॉलमध्येही, कशासाठी हे न कळता.

मंदार तिथून गेला नव्हता. केतकीच्या फोनवर त्याची सासू अजून बोलत होती आणि तो स्क्रीनवरचा तो चौकोन बघत होता. मधे केतकी, नाकाला पीठ. मग तो बाहेर गेला, माईक घेतला आणि म्हणाला की मंडळाची गॅलरी चालू राहील आणि ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी आज मोदक खाऊ नयेत. हॉल हसला. मी रडले, सांगून टाकते.

काका मात्र काकूंपाशी उभे होते, त्यांचा फोन पुढे धरून. सगळ्यांचं झालं होतं, काकू तेवढ्या राहिल्या होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा नीट केला, फोटोत कडेला उभ्या असलेल्या स्वतःला शोधलं आणि त्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला. काका म्हणाले, "कुणाला?" काकूंनी फोन त्यांच्या हातातून घेतला, वळून उभ्या राहिल्या आणि आपलं आपण काहीतरी दाबलं.

मला वाटलं, यांना कुणीच नाही पाठवायला, उगाच खेळतायत.

तेवढ्यात काकांनी मघाशी स्टुलावर ठेवलेला लॅपटॉप टुणकन वाजला. काका वाकले. काकूंचा निरोप होता. चौकोनात मधोमध काकू, पिठाचे हात मागे घेतलेल्या, आणि खाली त्यांचं नाव पहिलं. काका ते खूप वेळ बघत राहिले. त्यांच्या पाठीमागे एका हाताच्या अंतरावर काकू उभ्या होत्या, तरी ते वळले नाहीत, स्क्रीनकडे बघतच म्हणाले,

"पोचला."